वाळवीचा वार्षिक करार करायचा का? कोल्हापुरात नवं घर घेणाऱ्यांसाठी

मे महिन्यात वळीव पडून गेला की त्याच संध्याकाळी ट्यूबभोवती पंखवाले किडे घोंगावायला लागतात. सकाळी केर काढताना खिडकीखाली नुसत्या पंखांचा ढीग निघतो. जुन्या माणसांना त्याचं काही वाटत नाही. पण आयुष्यभर भाड्यानं राहून ज्यांनी नुकतंच स्वतःचं घर घेतलंय, त्यांच्या पोटात गोळा येतो. त्यातच कोणीतरी पेस्ट कंट्रोलचं कार्ड दाराला अडकवून जातं, नाहीतर बिल्डरचा माणूस सांगतो, "वर्षाचा करार करून टाका, कटकट नको."

तो करार करायचा का, हे ठरवायला मदत व्हावी म्हणून हे लिहिते आहे. फुलेवाडी रिंगरोडच्या आमच्या घरासाठी मी तीन वर्षं असे पैसे भरले. दरवर्षी एक मुलगा यायचा, पाठीवरच्या पंपानं भिंतीकडेच्या पट्टीवर औषध मारायचा, वीस मिनिटांत सही घेऊन जायचा. तिसऱ्या वर्षी स्वयंपाकघरातली ट्रॉली दुरुस्त करायला सुतारमामा आले. त्यांनी मागची फळी ओढली तर ती पापडासारखी हातात आली. "ताई, हे आतनं सगळं खाल्लंय. वरनं औषध मारून काय हुतंय?" असं ते म्हणाले, आणि तिथून मी या विषयाच्या मागे लागले.

तेव्हा कळलेली मुख्य गोष्ट आधीच सांगते. वार्षिक करारात आपण पैसे भरतो ते घर दरवर्षी नीट बघून घेण्याचे. औषध एकदाच, पण जिथं मुरायला हवं तिथं मुरवायचं असतं. जो माणूस येऊन काही बघतच नाही, त्याला दरवर्षी पैसे देण्यात काही राम नाही.

पहिली पायरी : ती वाळवीच आहे का, बघा

लाकूड खाणारे तीन निरनिराळे किडे आपल्याकडे भेटतात आणि तिघांवरचा इलाज वेगळा आहे.

जमिनीतून येणारी वाळवी (काही भागांत हिला उधई म्हणतात) उजेड आणि कोरडी हवा टाळते. म्हणून ती मातीची बारीक नळी बांधून तिच्या आतून चालते. भिंतीवर, चौकटीच्या कडेनं, पाइपाच्या मागे पेन्सिलएवढ्या जाडीची मातीची रेघ दिसली की हीच. नागपंचमीला आपण ज्या वारुळाची पूजा करतो, तेही वाळवीनंच बांधलेलं असतं. कराराची गोष्ट मुख्यतः हिच्यासाठी.

दुसरी कोरड्या लाकडातली वाळवी. हिचा जमिनीशी संबंध नसतो. ती खुर्चीत, कपाटात, चौकटीत आतच राहते आणि खाली खसखशीसारखे, हाताला खरखरीत लागणारे कण टाकते. तिसरा भुंगा. लाकडाला टाचणीनं पाडल्यासारखी गोल भोकं दिसतात आणि खाली पिठासारखा भुसा पडतो. या दोघांसाठी जमिनीत औषध ओतून काहीच होत नाही. त्या लाकडालाच औषध पाजावं लागतं, किंवा ते काढून टाकावं लागतं. तुमच्याकडे नुसता भुसा पडत असेल आणि समोरचा माणूस "सगळ्या घराला ड्रिलिंग करू" म्हणत असेल, तर त्याला चहा देऊन परत पाठवा.

वळवानंतर दिसणाऱ्या किड्यांतही पंखवाल्या मुंग्या आणि पंखवाली वाळवी अशी गल्लत होते. मुंगीची कंबर बारीक असते, पुढचे पंख मोठे आणि मागचे लहान असतात. वाळवीला कंबर नसतेच, चारही पंख सारख्या लांबीचे असतात आणि ते हात लावताच गळतात. दिव्याला बाहेरून आलेली वाळवी दिसली म्हणून घराला वाळवी लागली असं होत नाही. ती शेजारच्या शेतातून, झाडाखालून येते आणि बहुतेक सगळी मरून जाते. पण तीच पाखरं घराच्या आतल्या फटीतून, चौकटीच्या सांध्यातून बाहेर पडताना दिसली, तर मात्र घराखाली जुनं, वाढलेलं वारूळ आहे असं धरून चालायचं.

दुसरी पायरी : घर कशावर उभं आहे, ते आठवा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे आणि तिला एक रुपयाही लागत नाही.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत शहराच्या कडेनं झालेल्या कितीतरी कॉलन्या उसाच्या रानात उभ्या राहिल्यात. वाळवी ऊस लावणाऱ्याला नवीन नाही. लागणीच्या कांड्या ती जमिनीतच पोखरते. प्लॉट पडले, बंगले झाले, तरी खालची वाळवी कुठं जाणार? ऊस, धसकटं, बांधावरच्या झाडांची मुळं हे तिचं खाणं गेलं की तिला दाराची चौकट सापडते. तुमच्या प्लॉटच्या आधी तिथं काय होतं, हे शेजारच्या एखाद्या आजोबांना विचारा. बिल्डरपेक्षा ते बरोबर सांगतील.

दुसरी गोष्ट काळी माती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. त्यामुळे जोतं आणि बाहेरची फरशी यांच्यामध्ये दरवर्षी चीर पडते. वाळवीला आत यायला मिलीमीटरभर फट पुरते. घर मुरमावर असेल, पाणी लगेच निचरून जात असेल, तर तेवढ्यापुरतं बरं.

तिसरी गोष्ट महापूर. २००५, २०१९ आणि २०२१ साली ज्या भागांत पंचगंगेचं पाणी घरात शिरलं, त्या घरांचा विचार वेगळा करायला हवा. ट्रीटमेंटचं औषध जोत्याभोवतीच्या मातीत थर धरून असतं. पुरानं ती माती हलवली, वर गाळाचा नवा थर बसवला, तर वाळवीला बिनऔषधाची वाट मिळते. शिवाय भिजलेलं लाकूड आणि महिनोन्महिने ओल्या भिंती तिला आयत्या मिळतात. नदीकाठच्या भागात तळमजला घेत असाल, तर राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी झाली की पाणी आपल्या दारापासून किती लांब असतं, हे विचारूनच ठेवा. नंतर करार वाचताना ते लागणार आहे.

आणि मजला. जमिनीतल्या वाळवीला ओलावा लागतो आणि त्यासाठी तिची जमिनीकडे ये-जा असते. म्हणून तळमजला, बंगला, रो-हाऊस यांना धोका जास्त. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर ती पोहोचत नाही असं नाही. पाइपांच्या डक्टमधून, वायरिंगच्या नळ्यांतून ती चढते, आणि वर गळकं बाथरूम किंवा टाकी असली तर तिथं टिकूनही राहते. पण तिथं एका फ्लॅटनं करार करून उपयोग थोडा, कारण तिची वाट तळमजल्यावर आणि डक्टमध्ये आहे. तो विषय सोसायटीच्या सभेत मांडायचा.

पेठांतल्या जुन्या वाड्यांबद्दल थोडं अधिक सांगायला हवं. माझ्या नणंदेचं सासर मंगळवार पेठेत आहे. मातीच्या रुंद भिंती, सागवानी खांब, माळवद. जुन्या सागाचा गाभा वाळवी सहसा खात नाही, हे खरं. पण त्याच झाडाचं बाहेरच्या बाजूचं फिकट लाकूड ती आरामात खाते, आणि नंतरच्या दुरुस्त्यांत बसवलेलं साधं लाकूड तर विचारूच नका. वाड्यात धोका असतो तो तुळईच्या भिंतीत गेलेल्या टोकाला. बाहेरून तुळई धडधाकट दिसते आणि भिंतीतलं हातभर लाकूड मातीनं भरलेलं असतं. अशा घरात मातीच्या भिंतींना पाण्यातलं औषध धो-धो पाजणं म्हणजे दुसरं दुखणं ओढवून घेणं. तिथं लाकडाला तेलातलं किंवा रॉकेलमधलं औषध लावतात, आणि त्याआधी जुन्या घरांची जाण असलेला सुतार किंवा इंजिनिअर आणून भार कशावर आहे ते बघून घ्यावं.

तिसरी पायरी : बॅटरी घेऊन एक तास

रविवारी सकाळी मोबाइलचा नको, चांगला झोताचा टॉर्च आणि एक स्क्रू-ड्रायव्हर घ्या. बाहेरून सुरुवात करा. जोत्याभोवती एक पूर्ण फेरी मारा. मातीच्या नळ्या, भिंतीला टेकवून ठेवलेली लाकडं, पुठ्ठ्याचे खोके, मातीत रोवलेले लाकडी खांब, पायऱ्यांखालची पोकळी बघा. आमच्याकडे मूळ सापडलं ते इथंच. पायऱ्या ओतताना लावलेल्या शटरिंगच्या फळ्या मिस्त्रीनं काढल्याच नव्हत्या, वर फरशी बसवली होती. वाळवीसाठी ते पहिलं ताट, तिथून ती स्वयंपाकघराच्या भिंतीतून ट्रॉलीपर्यंत आली. बांधकाम चालू असतानाच कोणी हे वाचत असेल, तर हात जोडून सांगते, भराव टाकायच्या आधी फळ्यांचे तुकडे, खुंट्या, सिमेंटच्या कागदी पिशव्या वेचून काढा.

आत आल्यावर चौकटींचे खालचे दोन फूट स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं ठोका. भरीव लाकडाचा आवाज आणि पोकळ लाकडाचा आवाज कानाला लगेच कळतो. बाथरूमच्या दाराची चौकट आधी बघा. सिंकखालचं कपाट, भिंतीला चिकटलेल्या कपाटांच्या मागच्या फळ्या, माळ्यावरची जुनी पुस्तकं आणि लग्नातल्या साड्यांचे खोके, मीटरच्या पेटीमागची लाकडी फळी, देव्हाऱ्याची मागची बाजू. रंगाला फुगवटा आला असेल आणि बोटानं दाबल्यावर तो खचत असेल, तर आत माती आहे.

मातीची नळी सापडली तर सगळी खरवडून टाकू नका. मधला बोटभर तुकडा तोडा, फोटो काढा, तारीख लिहा. तीन-चार दिवसांनी तो तुकडा पुन्हा बांधलेला दिसला तर वाळवी चालू आहे. बांधलेला नसला तर तिनं वाट बदलली असेल किंवा ती नळी जुनी असेल. तेवढ्यावरून निर्धास्त होऊ नये.

चौथी पायरी : बिल्डरचे कागद मागा

बांधकामाच्या वेळी पायात आणि फरशीखाली औषध मारलं असेल तर त्याचं सर्टिफिकेट असतं. इमारतींच्या वाळवी-बंदोबस्तासाठी भारतीय मानक आहे, आयएस ६३१३. त्याच्या दुसऱ्या भागात बांधकामाआधीची ट्रीटमेंट आणि तिसऱ्या भागात राहत्या घराची ट्रीटमेंट सांगितलेली आहे. सर्टिफिकेटवर औषधाचं नाव, तारीख, किती क्षेत्राला किती मात्रा आणि हमी कुणाच्या नावे आहे, एवढं बघा. बऱ्याचदा हमी बिल्डरच्या नावे असते आणि घर तुमच्या नावावर झालं तरी ती तशीच राहते. ती तुमच्या नावे करून द्यायला पत्र लिहून सांगा. हमी चालू असताना दुसऱ्या कुणाशी वार्षिक करार करण्यात अर्थ नाही, आणि नव्या माणसानं औषध मारलं तर जुनी हमी मोडते अशी अटही बऱ्याच ठिकाणी घातलेली असते.

पाचवी पायरी : वाळवी असेल तर आधी ट्रीटमेंट, आणि ती मोजून घ्या

खरी फसवणूक होते ती इथं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

राहत्या घराच्या ट्रीटमेंटमध्ये फरशी आणि भिंत जिथं मिळतात त्या रेषेवर साधारण १२ मिलीमीटर व्यासाची भोकं खालच्या मातीपर्यंत पाडतात. दोन भोकांत ३०० मिलीमीटर, म्हणजे सुमारे एक फूट अंतर. प्रत्येक भोकात माती घेईल तेवढं, जास्तीत जास्त एक लिटर औषधाचं पाणी दाबानं सोडतात. मग भोकं बुजवतात. चौकटींच्या लाकडालाही बारीक, तिरकी भोकं पाडून औषध सोडतात. बाहेरून जोत्याभोवतीच्या मातीलाही औषध द्यावं लागतं.

आता तुमच्या घराचा हिशेब करा. समजा १० बाय १२ फुटांच्या चार खोल्या आहेत. एका खोलीचा घेर ४४ फूट, चार खोल्यांचा १७६ फूट. दारांच्या जागा सोडल्या तरी दीडशेच्या वर भोकं आणि मातीनं पूर्ण घेतलं तर तितके लिटर औषधाचं पाणी. इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के हे औषध आपल्याकडे बरंच वापरतात. त्याचं प्रमाण एक लिटर पाण्याला २.१ मिलीलिटर. म्हणजे दीडशे लिटरला साधारण ३१५ मिलीलिटर मूळ औषध. घरात आलेल्या माणसाकडे पाच लिटरचा एकच पंप असेल आणि तो अर्ध्या तासात "झालं" म्हणत असेल, तर काय झालं ते तुम्हीच ओळखा. चार खोल्यांचं हे काम दोन-तीन माणसांनाही दिवसभर पुरतं.

म्हणून काम सुरू करण्याआधी सीलबंद बाटली तुमच्यासमोर फोडायला सांगा, लेबलचा फोटो घ्या, बादलीत मोजून घालताना जवळ उभे राहा. यात कुणाचा अपमान नाही. चांगले काम करणारे लोक स्वतःहून दाखवतात.

औषध कुठलं, यावरही थोडं बोलू. काही औषधं वाळवीला जाणवतात आणि ती तिथून फिरते. मग एखादी जागा सुटली असेल तर ती शोधून काढते. इमिडाक्लोप्रिड आणि फिप्रोनिलसारखी औषधं तिला जाणवत नाहीत. ती त्यातून चालते, एकमेकींना चाटताना, भरवताना औषध इतरांपर्यंत पोहोचतं आणि परिणाम हळूहळू दिसतो. त्यामुळे ट्रीटमेंट झाल्यावर आठ-दहा दिवस एखाददुसरी वाळवी दिसली तर लगेच भांडायला जाऊ नका. बाजारातला स्प्रे दिसेल त्या नळीवर मारणं मात्र टाळा. समोरच्या शंभर मरतात, मागचं वारूळ तसंच राहतं आणि वाळवी दुसरीकडून निघते.

घरात गरोदर बाई, तान्हं मूल, दम्याचं माणूस असेल तर त्यांना त्या दिवशी नातेवाइकांकडे पाठवा आणि पुन्हा आणण्याआधी औषधाच्या लेबलवरची सूचना वाचा. माशांची टाकी बाहेर न्या, कारण यातली बरीच औषधं माशांना फार विषारी असतात. वाड्यात आड असेल किंवा अंगणात विहीर, बोअर असेल तर ते आधीच सांगा आणि त्या बाजूला औषध ओतू देऊ नका. आपल्याकडे अजून आडाचं पाणी वापरणारी घरं आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे.

आणि परवाना. पैसे घेऊन पेस्ट कंट्रोल करायला १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली परवाना लागतो, तो कृषी खात्याच्या अधिकाऱ्याकडून मिळतो. त्याची प्रत मागा. "साहेबांकडे आहे, ऑफिसात आहे" असं म्हणत असतील तर व्हॉट्सॲपवर मागवायला किती वेळ लागतो?

सहावी पायरी : करार वाचा

कार्डावर "५ वर्षं गॅरंटी" असं मोठ्या अक्षरात असतं. करारात काय आहे ते बघा. जवळजवळ सगळ्या करारांत हमी असते ती पुन्हा औषध मारून देण्याची. खाल्लेली ट्रॉली, चौकट, कपाट भरून देण्याची नसते. घराच्या विम्याकडेही बघू नका. भारत गृह रक्षा या प्रमाणित पॉलिसीत आग, भूकंप, पूर, वादळ अशा आपत्ती आहेत, वाळवी त्यांत नाही.

मी या गोष्टी लिहूनच मागते :

- वर्षातून किती वेळा तपासणी, आणि त्यात कुठल्या कुठल्या जागा बघणार. सिंकखाली आणि माळ्यावर बघणार की नाही, हे स्पष्ट हवं.
- प्रत्येक भेटीनंतर लेखी नोंद, फोटोंसकट.
- वाळवी दिसल्याचं कळवल्यावर किती दिवसांत येणार, आणि तेव्हाचं औषध आणि मजुरी यांचे वेगळे पैसे आहेत का.
- पूर आला, फरशी बदलली, नवी पायरी किंवा खोली काढली, तर हमी राहते की जाते.
- घर विकलं तर हमी नव्या मालकाकडे जाते का.
- पुढच्या वर्षी दर किती वाढू शकतो.

पुराच्या अटीवर बोट ठेवा. पूर आला की हमी संपली असं लिहिलेलं असेल आणि तुमचं घर पाण्याच्या वाटेवर असेल, तर ज्या वर्षी त्या कराराची सगळ्यात जास्त गरज लागेल, त्याच वर्षी तो हातात नसणार. ती अट बदलून मागा. पूर ओसरल्यावर एक तपासणी आणि लागेल तिथं ठरलेल्या दरानं औषध, एवढं तरी लिहून घ्या.

पक्कं बिल घ्या. या सेवेवर १८ टक्के जीएसटी आहे आणि "बिल नको असेल तर कमी करतो" हे ऐकायला बरं वाटतं, पण बिलाशिवाय तक्रार कशाच्या जोरावर करणार? वेळ आलीच तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे आणि कोल्हापुरात जिल्हा ग्राहक आयोग आहे. दोन्हीकडे कागदच बोलतात.

सातवी पायरी : हिशेब

खाली घेतलेले आकडे फक्त मांडणी समजण्यासाठी आहेत, दर तुम्ही तीन ठिकाणांहून मागवा. समजा एकानं सांगितलं, ट्रीटमेंट १८,००० आणि पाच वर्षांची हमी त्यातच. दुसऱ्यानं सांगितलं, ट्रीटमेंट ९,००० आणि दुसऱ्या वर्षापासून दरवर्षी ३,०००. दुसरा स्वस्त वाटतो. पाच वर्षांची बेरीज ९,००० अधिक चार वेळा ३,००० म्हणजे २१,०००. जीएसटी धरून पहिला २१,२४० आणि दुसरा २४,७८०. पण पहिला पाच वर्षांत एकदाही फिरकणार नसेल आणि दुसरा दरवर्षी तासभर घर बघून लेखी नोंद देणार असेल, तर मी दुसरा घेईन. पहिल्याकडून दरवर्षीची तपासणी लिहून मिळाली, तर पहिला.

दुसऱ्या पारड्यात घरातलं लाकूड ठेवा. स्टीलच्या चौकटी, ग्रॅनाइटचा ओटा, लोखंडी कपाटं असलेल्या घरात वाळवी खाऊन खाऊन काय खाणार? तेच दोन-चार लाखांचं फर्निचर प्लायवुडमध्ये केलं असेल तर गोष्ट वेगळी. आणि दुकानदार "वॉटरप्रूफ प्लाय आहे" म्हणाला म्हणून निश्चिंत राहू नका. पाण्यात न सुटणारा प्लाय आणि वाळवी न खाणारा प्लाय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्यासाठी लाकडाला औषध पाजलेलं असावं लागतं, ते बिलावर लिहून घ्या. पार्टिकल बोर्ड तर ओल आणि वाळवी दोन्हींपुढे टिकत नाही.

आता ठरवा

करार करावा असं मी म्हणेन ते यांना : ज्यांच्या बंगल्यात किंवा तळमजल्यावर वाळवी एकदा निघाली आहे आणि ट्रीटमेंट झाली आहे. उसाच्या रानातल्या नव्या कॉलनीत तळमजल्यावर राहून ज्यांनी घरभर लाकडी काम केलं आहे. ज्यांच्याकडे पुराचं पाणी येऊन गेलं आहे. वाड्यात राहणारे, पण तिथं लाकडाची तपासणी करारात हवी. आणि ज्यांचं घर वर्षातले सहा-आठ महिने बंद असतं. मुलं पुण्या-मुंबईला, गावाकडे फक्त गणपती आणि दिवाळी, अशा बंद घरांत वाळवी निवांत काम करते.

ज्यांनी करू नये : वरच्या मजल्यावर फ्लॅट, घरात वाळवीची खूण नाही, डक्ट कोरडा. बिल्डरची हमी चालू असलेलं घर. मुरमावरचं, कोरडं, लाकूड कमी असलेलं घर, आणि घरात दर सहा महिन्यांनी टॉर्च घेऊन फिरणारं एक माणूस. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ज्यांच्या घरात वाळवी आत्ता चालू आहे आणि समोरचा "आधी करार करा, मग दर तीन महिन्यांनी स्प्रे मारू" म्हणतो आहे, त्यांनी अजिबात करू नये.

एक वर्ष करून बघणं हाही मार्ग आहे. पहिल्या भेटीला तो माणूस गुडघ्यावर बसून सिंकखाली डोकावला का, एवढं बघा. आमच्याकडे आता जे येतात त्यांनी पहिल्याच दिवशी बाहेर जोत्याभोवती फेरी मारली आणि नळाच्या पाइपामागची चीर दाखवली. तीन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी बाहेरून घर बघितलं होतं. तेव्हापासून मी त्यांना दरवर्षी पैसे देते.

करार नको असं ठरलं तर

वर्षातल्या दोन तारखा पक्क्या करा. पहिली, पहिला वळीव पडल्यानंतरचा रविवार. दुसरी, दसऱ्याआधी घर काढतो तेव्हा. कपाटं भिंतीपासून सरकवतोच, त्याच वेळी मागे टॉर्च मारायचा. कपाट परत लावताना भिंतीपासून दोन बोटं लांब ठेवा. गळका नळ, ओली भिंत पावसाळ्याआधी दुरुस्त करा. अंगणातल्या झाडांना पाणी घालताना ते जोत्याला लागू देऊ नका. काळ्या मातीत फरशी आणि जोतं यांच्यातली चीर एप्रिल-मेमध्ये पुरी उघडते, तेव्हाच ती बुजवून घ्या. सरपण, जुनी चौकट, "कधीतरी उपयोगी पडेल" म्हणून ठेवलेल्या फळ्या जमिनीवर न ठेवता लोखंडी घोडीवर ठेवा.

मीटरच्या पेटीच्या झाकणाच्या आत आम्ही एक कागद चिकटवलाय. औषध कधी मारलं, कुठलं, किती लिटर, कुठल्या खोलीत किती भोकं, पुढची तपासणी कधी. फरशीवाला, प्लंबर, सुतार कोणीही कामाला आला की आधी तो कागद वाचायला देते, म्हणजे तो खोदण्याआधी विचारतो.